काकूंची तक्रार

"मनगट मोडलं म्हणे त्याचं."

शेजारच्या काकूंच्या बोलण्याला प्रस्तावना नसते. कुंपणाच्या सुटलेल्या फळीतून आधी दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा आला आणि पाठोपाठ ही बातमी.

"कुणाचं?"

"अगं, त्या स्कूटरवाल्याचं. निळ्या दाराचं घर. त्याची आजी भेटली सकाळी. हिरवं प्लास्टर घातलंय, वर्गातल्या पोरांनी त्यावर सह्या केल्यात. आईचं म्हणणं, पोरगा वेगात होता. वेगात कसला! त्या वर आलेल्या लादीला चाक अडकलं."

"पण काकू, त्या आजींना तर तेलुगूशिवाय काही येत नाही."

"करून दाखवलं त्यांनी. भर फुटपाथवर, हात पसरून. तू चकली खा."

काकू डोंबिवलीच्या. मुलगा कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात स्थिरावल्यापासून थंडीचे महिने इथं असतात. एका महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावरून सुरुवात करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या. आमच्या गल्लीत काय मोडलंय, काय विझलंय, काय पुसलं गेलंय, हे त्यांना दिसतं तसं इथं वर्षानुवर्षं राहणाऱ्या आम्हाला दिसत नाही. आम्ही गाडीतून जातो. पायी कोण जातं? शाळेची पोरं, कुत्री फिरवणारे आणि भारतातून आलेले आजी-आजोबा.

ती लादी मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी इथं जर्दाळू-आलुबुखारच्या बागा होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या तोडून एकसारख्या बैठ्या घरांच्या रांगा उठल्या आणि फुटपाथच्या कडेनं झाडं लावली गेली. आमच्या गल्लीत लिक्विडअंबर आहेत. नोव्हेंबरात पानं अशी लालबुंद होतात की पाहुणे फोटो काढत सुटतात. मुळं मात्र उथळ पसरतात आणि काँक्रीट उचलतात. त्या जागी बाबागाडीवाल्या आया फुटपाथवरून खाली उतरतात, सायकलच्या पट्ट्यातून चार पावलं टाकून परत वर चढतात. कचऱ्याच्या दिवशी त्या पट्ट्यात डबे उभे असतात, म्हणजे बाबागाडी थेट गाड्यांच्या रांगेत. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"व्हॉट्सॲपवर काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं. गल्लीच्या ग्रुपमध्ये त्या नाहीत, पण तिथलं सगळं त्यांना हवं असतं.

"पुष्कळ काय काय. एकीनं रडका चेहरा टाकलाय. एकानं लिहिलंय, माझी बायकोही तिथंच पडली होती. एकानं वकिलाचा नंबर दिलाय. एकजण म्हणतोय, हेल्मेट घातलं होतं का?"

"मनगटाला?"

"आणि कोपऱ्यावरचा दिवा बंद असल्याची आठवणही एकीनं काढलीय."

"तो मी आल्यापासून बंद आहे. मग तक्रार कुणी केली?"

मी मेसेज वर-खाली करून पाहिले. सगळे हळहळले होते, चिडले होते. तक्रार कुणीच केली नव्हती. 'कुणीतरी केलीच असेल' असं मात्र दोघांनी लिहिलं होतं.

"हेच," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे मोर्चा यायचा वॉर्डात. मी विचारायची, अर्ज कुठाय? तर एकमेकांची तोंडं बघायचे."

दुसऱ्या दिवशी त्या फुटपट्टी घेऊनच कुंपणाशी आल्या. नातवाची, डायनोसॉरवाली. फोटो काढायचा तर माप दिसलं पाहिजे, नाहीतर साहेब म्हणतात किरकोळ आहे. आम्ही दोघी गेलो. लादी चांगली दोन बोटं वर आलेली. काकूंनी फुटपट्टी उभी धरली, मी फोटो काढला. मग दिव्याचा खांब. त्यावर नंबर असतो हे मला पहिल्यांदाच कळलं. मग चौकातलं क्रॉसिंग, ज्याचे पांढरे पट्टे आता नीट शोधल्याशिवाय सापडत नाहीत.

"हा रस्ता कुणाच्या हद्दीत?"

हा प्रश्न ऐकायला जितका साधा तितकाच आमच्या खोऱ्यात अवघड. मी सांगायला लागले. गल्लीबोळ शहराचे. एल कमिनो रियाल, जिथून आपण भाजी आणि बासमती आणतो, तो राज्याचा महामार्ग क्रमांक ८२, म्हणजे कॅलट्रान्स या राज्याच्या रस्ते खात्याचा. लॉरेन्स, सॅन टोमस आणि सेंट्रल हे तीन एक्सप्रेसवे काउंटीचे. कालाबाझास आणि साराटोगा नाले व्हॅली वॉटर या पाण्याच्या संस्थेकडे. शाळेचं आवार शाळा जिल्ह्याचं, आणि सांता क्लारात राहूनही काही पोरं कुपर्टिनोच्या शाळा जिल्ह्यात जातात.

काकूंचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी कुणी त्यांच्या विषयावर बोलत होतं.

"म्हणजे पोरगं घरून निघून शाळेत पोचेपर्यंत चार-पाच साहेबांच्या हद्दी ओलांडतं!"

"अगदी."

"आमच्याकडे तेच. महापालिका, पीडब्ल्यूडी, एमएमआरडीए, एमएसआरडीसी. मुंबईतले ते दोन मोठे हायवे, पूर्व आणि पश्चिम द्रुतगती, २०२२ मध्ये महापालिकेच्या गळ्यात आले. तोवर खड्डा पडला की आधी तो कुणाचा यावर पत्रव्यवहार. खड्डा तोवर वयात यायचा."

"आणि फुटपाथचं तर इथं आणखी तिरपागडं आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार घरासमोरच्या फुटपाथची डागडुजी घरमालकाच्या माथी येऊ शकते. सॅन होजेत तर शहर घरमालकाला नोटीसच काढतं."

"झाड कुणाचं?"

"तेच तर पुढचं भांडण."

"बरं, मग पोरगं पडलं तर जबाबदार कोण?"

यावर माझ्या नवऱ्यानं, जो वरवर पाहता हिरवळीला पाणी घालत होता, तोंड उघडलं. कॅलिफोर्नियात सरकारी जागा धोकादायक होती म्हणून दावा करायचा तर त्या संस्थेला धोका माहीत होता, किंवा माहीत असायलाच हवा होता, आणि दुरुस्तीला वेळही होता, हे दाखवावं लागतं. शिवाय दुखापत झाल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत लेखी दावा टाकावा लागतो.

"म्हणजे पोचपावती!" काकू म्हणाल्या. "ग्रुपवरचं माहीत असणं धरत नाहीत ना? मग तक्रार करा आत्ता. नंबर येईल तो मला कागदावर लिहून द्या."

शहराच्या ॲपवर तीन तक्रारी गेल्या, फोटोंसकट. काकूंनी नंबर फ्रिजवर लावले, गणपतीच्या मॅग्नेटखाली.

त्या आठवड्याच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली. त्याआधी दोन दिवस हॅलोविन होऊन गेलं होतं. इथं ज्या एका रात्री सगळी पोरं एकदम रस्त्यावर असतात ती ही, आणि काळे झगे घालून. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासून निघालेला एक अभ्यास आहे: हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त, आणि सगळ्यात वाईट आकडे चार ते आठ वर्षांच्या पोरांचे. त्या रात्री निदान सगळे जपून चालवतात, कॅन्डीची पिशवी दिसली की ब्रेकवर पाय जातो. मला जास्त भीती वाटते ती पुढच्या साध्या सोमवारची. पाच वाजता अंधार, शाळेनंतरच्या क्लबमधून सुटलेली पोरं, ऑफिसातून निघालेल्या गाड्या, आणि कोपऱ्यावर तो विझलेला खांब.

सोमवारी काकूंनी नवी बातमी आणली.

"आज जरासाठी वाचली गं एक मुलगी. गुलाबी दप्तर. कोपऱ्यावर ती मोठी काळी गाडी उभी असते ना, तिच्या आडून पुढे आली आणि समोरून ती पांढरी टेस्लावाली. ती रोज चौकात कॉफी पीत वळते. क्रॉसिंग गार्डनं स्टॉपची पाटी अक्षरशः बॉनेटवर आपटली."

मी गप्प बसले.

"कुणाची गं ती काळी गाडी? इतकी अवजड. माझं डोकंसुद्धा पलीकडून दिसत नाही."

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या मुलाची."

कुंपणापलीकडे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही, आणि काकूंच्या बाबतीत ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

"तो तर म्हणतो इथं चालतं उभी केलेली. लाल रंग नाहीये कडेला."

"आता लाल रंग लागत नाही. २०२३ मध्ये राज्यानं कायदा केला. क्रॉसिंग आखलेलं असो वा नसो, गाड्या ज्या बाजूनं येतात तिथं क्रॉसिंगच्या अलीकडे वीस फूट गाडी उभी करायची नाही. २०२४ भर ताकीद देत होते, २०२५ पासून दंड. म्हणजे चालणारा आणि चालवणारा, दोघं एकमेकांना दिसावेत."

"आणि आमचा मुलगा?"

"फार तर पाच फुटांवर."

गाडी मोठी हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. इथल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था आहे, तिनं २०२३ मध्ये हजारो अपघात तपासून सांगितलं की ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असते, त्यांनी धडक दिल्यावर पायी माणूस मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. चाळीस इंच म्हणजे चार वर्षांच्या पोराची उंची. वेगाचं गणितही असंच नको तितकं स्वच्छ आहे: ताशी २३ मैलांच्या धडकेत दहातला एक दगावतो, ३२ मैलांना चारातला एक, ४२ ला दोनातला एक. शाळेपाशी २५ ची पाटी आहे, पण रस्ता इतका रुंद आणि सरळ आखलाय की पाय आपोआप ४० कडे जातो. पाटी एक सांगते आणि डांबर दुसरं. ऐकलं जातं डांबराचं.

काकूंना यातलं काही नको होतं. त्या आपल्याच विचारात होत्या.

"तुला ते डॉक्टर आठवतात? बॉम्बे हॉस्पिटलचे. २०१७ चा ऑगस्ट, तो मोठा पाऊस."

आठवत नसतील असा मुंबईकर सापडणार नाही. डॉ. दीपक अमरापूरकर. गुडघ्यांवरच्या पाण्यातून घरी चालत निघाले, एल्फिन्स्टन रोडजवळ मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला समुद्रकाठी मृतदेह मिळाला.

"सगळे महापालिकेला शिव्या देत होते. मीही कर्मचारी, मान खाली घालून ट्रेनमध्ये बसायची. मग कळलं, झाकण तिथल्याच लोकांनी उघडलं होतं. पाणी लवकर ओसरावं म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता." त्या थांबल्या. "आमच्या चिरंजीवांचाही नाहीये. गॅरेजमध्ये जागा नाही एवढंच."

"गॅरेजमध्ये आहे काय?"

"गणपतीचं मखर, ट्रेडमिल आणि कॉस्टकोचे कागदी टॉवेल. तीन पिढ्या पुसतील एवढे."

नंतरचे दोन दिवस काकू कुंपणाशी आल्या नाहीत. पलीकडून ओढाताणीचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी ट्रेडमिल 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून बाहेर आली आणि काळी गाडी गॅरेजमध्ये शिरली. मुलगा काय बोलला ते काकूंनी सांगितलं नाही. सून मात्र मला बघून हसली, बऱ्याच महिन्यांनी.

आणि त्याच संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत कुणाचा तरी पिकअप ट्रक येऊन उभा राहिला.

"बघ!" काकू म्हणाल्या. "मी घर रिकामं केलं आणि हा कोण उपटसुंभ?"

"म्हणून काही गावांत कायद्यावर भागवत नाहीत, तिथं काहीतरी रोवतात. न्यू जर्सीत होबोकन आहे ना..."

"माझी भाची आहे तिथं."

"मग विचारा तिला. तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर खांब, सायकली लावायचे स्टँड, कुंड्या ठेवल्यात. गाडी उभी करायची म्हटली तरी करता येत नाही. २०१७ पासून सलग सात वर्षं त्या गावात रस्त्यावर एकही माणूस गेला नाही. साठेक हजार वस्ती, आणि न्यूयॉर्कला खेटून."

काकूंनी ते मनात टिपून घेतलं. नंतर कळलं, भाचीला फोन करून कुंड्यांचे फोटोही मागवले.

इकडे तक्रारींचं उत्तर आलं. लादीच्या वर आलेल्या कडेवर एक दिवस नारिंगी रंगाची रेघ ओढलेली दिसली, आठवड्यानं कुणीतरी डांबराचा उतार थापून गेलं. दिसायला ओबडधोबड, पण चाक अडकत नाही. क्रॉसिंगचे पट्टे 'यादीत घेतले' असं कळवलं. दिव्याच्या तक्रारीपुढे मात्र 'बंद' असा शेरा. दिवा नव्हे, तक्रार बंद. कारण: सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नसून संबंधित संस्थेकडे पाठवली आहे.

मला वाटलं काकू भडकतील. त्यांनी फोन हातात घेऊन ते इंग्रजी वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि कौतुकानं मान हलवली.

"उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित. निकाली. अगं, हे मी आयुष्यभर लिहिलं! महिनाअखेरीला प्रलंबित तक्रारींचा तक्ता जायचा वर, तो कोरा दिसायला हवा. मग काय, दुसऱ्याच्या टेबलावर ढकलायची."

"मग आता?"

"आता विचार, कुठल्या संस्थेकडे, कुणाच्या नावे, कुठल्या तारखेला. नाव आलं की त्या साहेबाला आणि या साहेबाला एकाच पत्रात घाल. दोघांनी एकमेकांसमोर हद्द सांगू दे. आमच्याकडे दोन खात्यांची पत्रं एकाच फायलीत लागली की काम व्हायचं. लाज वाटते गं, लेखी असलं की."

मेल गेली. दोन्ही ऑफिसांना, एकत्र. काकूंच्या सांगण्यावरून विषयाच्या ओळीत खांबाचा नंबर आणि 'शाळेचा रस्ता' एवढंच.

त्या संध्याकाळी मी त्यांना मॅक्लेलन रोडची गोष्ट सांगितली. सांगू की नको असं झालं होतं. कुपर्टिनोत, इथून गाडीनं थोडक्याच अंतरावर. २०१४ च्या ऑक्टोबरात सकाळी सायकलवर मोंटा व्हिस्टा हायस्कूलला निघालेला एक मुलगा ट्रकच्या धडकेत गेला. तो रस्ता दप्तराच्या वेळी कसा तुंबतो, सायकलींना कशी जागा नाही, हे तिथल्या आयांना आधीच ठाऊक होतं. पुढच्या काही वर्षांत तिथं सायकलींसाठी काँक्रीटच्या कडेनं वेगळी काढलेली वाट झाली. आता पोरं तिथून बडबडत जातात.

"नंतर," काकू म्हणाल्या.

"हो. नंतर."

"अंधेरीचे ते दादाराव बिल्होरे. भाजी विकणारा माणूस. २०१५ च्या पावसात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा खड्ड्यापायी गेला. तेव्हापासून स्वतः खडी-राबिट घेऊन खड्डे भरतात. पेपरात फोटो यायचा, आम्ही ऑफिसात बघायचो आणि म्हणायचो, बघा, केवढा मोठा माणूस. आमच्यातलं कुणी असं म्हणालं नाही की अरे, हे त्यांचं काम नाही, आपलं आहे." त्यांनी पर्सिमनच्या फांदीवरचं एक फळ तोडलं, चाचपलं, माझ्याकडे दिलं. "आता २०२५ च्या ऑक्टोबरात हायकोर्टानं सांगितलं ना, खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं माणूस गेला तर सहा लाख, जखमी झाला तर पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. आणि ते जबाबदार माणसाकडून वसूल करायचे. सहा लाखांत किती खड्डे बुजतात याचा हिशेब आम्हाला पाठ होता. पण जबाबदारीच्या रकान्यात कधी भरला नाही."

दिव्याच्या मेलला अजून उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मंगळवारी कौन्सिलची सभा असते. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टींवरही लोकांना बोलता येतं. राज्याचा १९५३ चा ब्राऊन ॲक्ट आहे, त्यानुसार सभेत बसायला नावसुद्धा सांगायची सक्ती करता येत नाही; नागरिक असण्याचा तर प्रश्नच नाही.

"व्हिजिटर व्हिसावाल्यालाही बोलता येतं?"

"येतं. दोन-तीन मिनिटं देतात."

"दोन मिनिटांत माझं नमनसुद्धा व्हायचं नाही."

"नमन कापा. लादी, दिवा, पट्टे, एवढंच बोला. मी इंग्रजी करून सांगते."

"आणि कुंड्या. होबोकनच्या कुंड्यांचे फोटो नेऊ. मोठे छापून घे, चार बाय सहाचे नकोत, साहेबांना चष्मे असतात." त्या विचारात पडल्या. "निळ्या दारवाल्या आजींना नेऊ या का? त्यांना तेलुगूतून बोलू दे."

"त्यांचं भाषांतर कोण करणार?"

"त्या करून दाखवतील. मी सांगितलंय त्यांना, मंगळवारी सहा वाजता तयार राहा. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं गाडी तू काढ, पण तिथं कोपऱ्यावर लावू नकोस."